एकादशीचा उपास केला की कॅन्सरच्या पेशी स्वतःलाच खातात? (तो नोबेलवाला फॉरवर्ड)

खांडेपारकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो पण आज धागा काढायची पाळी आलीय. आईला (वय ६३) छातीचा (स्तनाचा) कॅन्सर, ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, तिसरं सायकल परवा संपलं. तसं सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात आमच्या कुडाळच्या मामानं घरच्या ग्रूपवर तो फॉरवर्ड टाकला, तुम्हाला पण आला असेलच, जपानी शास्त्रज्ञाला २०१६ मध्ये नोबेल मिळालं, त्यानं शोधून काढलं की माणूस उपाशी राहिला की शरीर खराब पेशी आणि कॅन्सर खाऊन टाकतं, आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं म्हणून एकादशी वगैरे वगैरे.
आई काही बोलली नाही. पण दोन दिवसांनी बायकोच्या लक्षात आलं की रात्रीची पेज वाटीत घेऊन आई मागच्या दारी जाते आणि रिकामी वाटी घेऊन परत येते. पेज कुत्रा खात होता. तोर (मिठातली कैरी) तेवढं चाखून बघायची, तोंडाला चव नाही म्हणून. विचारलं तर म्हणते "पुता, खराब पेशी जळतात ना, मग जळू देत की". ऑपरेशनच्या वेळी वजन ५२ होतं, आता ४७.
मामाशी भांडून उपयोग नाही, तो माझ्यापेक्षा मोठा आणि त्याचा हेतू वाईट नाही. मला फक्त कोणीतरी नीट समजावून सांगा की हे ऑटोफॅजी प्रकरण काय आहे, कॅन्सरशी त्याचा संबंध आहे की नाही, आणि असला तर आईला मी काय सांगू. मी कॉमर्सवाला, सांभाळून घ्या.

पात्रांव७२
तुमच्या कुत्र्याची तब्येत सुधारली असणार मग :)
सॉरी भाऊ, मस्करी सोड. आईला लवकर बरं वाटू दे. मी पण त्याच फॉरवर्डच्या नादाने गेल्या वर्षी सोळा तास उपाशी राहायचो, संध्याकाळी सात वाजता जे सुटायचो ते चवथीच्या जेवणासारखं. वजन दोन किलो वाढलं.

लॅबवाली_म्हापसा
खांडेपारकाठ दादा, आधी एकच सांगते, आईची पेज चालू करा, बाकीचं सावकाश वाचा. उद्या डॉक्टरांच्या कानावर पाच किलोची गोष्ट घाला, पुढच्या सायकलची वाट बघू नका.

आता विषय. मी पूर्वी पुण्याला सहा वर्षं पेशींवर काम केलंय, आता इथे हायर सेकंडरीला शिकवते, त्यामुळे मास्तरकी केली तर राग मानू नका.

ऑटोफॅजी म्हणजे शब्दशः स्वतःला खाणं. हा शब्द १९६३ मध्ये ख्रिश्चन द दुव्ह या बेल्जियन माणसाने दिला, लायसोसोम पण त्याचाच शोध, १९५५चा. लायसोसोम म्हणजे पेशीच्या आतली आंबट पिशवी, त्यात कुठलीही गोष्ट टाकली की विरघळते. पण फॉरवर्डमध्ये घोळ पहिल्याच वाक्यात आहे. शरीर "खराब पेशी" शोधून खातं असं यात काही नाही. एक पेशी स्वतःच्या आतलं सामान खाते, आपलं जुनं झालेलं मायटोकाँड्रिया (पेशीतलं वीजघर), वाकडी घडी पडलेली प्रोटीनं, असलं. शेजारच्या कॅन्सरवाल्या पेशीला ती हात पण लावत नाही. आणि मुख्य गोष्ट ही की कॅन्सरची पेशी पण पेशीच आहे, तिच्याकडे पण हीच पिशवी आहे आणि ती पण उपाशी राहिली की हेच करते. कशासाठी? जगण्यासाठी.

आपलं जुनं नळ्यांचं (कौलारू) घर डोळ्यासमोर आणा. मृगाच्या आधी नळे काढून बघतात, वाळवी लागलेले वासे, रीप काढून टाकतात. ते वासे फेकतात का? नाही, फोडून मागे रचतात आणि पावसात चुलीत घालतात. म्हणजे घर साफ पण झालं आणि जळण पण मिळालं. ऑटोफॅजी हीच. एरवी थोडी थोडी रोज चालू असते, साफसफाई म्हणून. आणि बाहेरून काही येईनासं झालं, आठ दिवस सोसाट्याचा पाऊस, बाजार बंद, की मग पुरुमेंत (पावसाळ्यासाठी साठवलेला शिधा) काढायचं आणि वासे जाळायचे.

हे किती गरजेचं आहे त्याचा माझा आवडता दाखला, उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा नाळ तुटते आणि दूध अंगी लागायला थोडा वेळ जातो, त्या मधल्या काही तासांत पिल्लाच्या अंगात ऑटोफॅजी एकदम वाढते. जपानमध्ये २००४ साली दाखवलं की ज्या पिल्लांमध्ये त्यातलं एक जीन काढून टाकलेलं होतं ती पिल्लं एका दिवसात मरतात.

आता ते नोबेल. योशिनोरी ओसुमींनी ना माणूस उपाशी ठेवला ना कॅन्सर बघितला. त्यांनी यीस्ट बघितलं, पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाच्या पिठात असतं तेच यीस्ट. १९८८ च्या सुमाराला त्यांनी एक चलाखी केली. यीस्टच्या पोटातल्या पिशवीत जे एन्झाइम पचवायचं काम करतात तेच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. म्हणजे कचऱ्याची गाडी चालू ठेवली पण प्लांट बंद केला. मग काय, गाड्या येतायत आणि कचरा तसाच पडतोय, काही तासांत ढीग साध्या मायक्रोस्कोपखाली दिसायला लागला. त्यावरून त्यांनी पुढे ज्या यीस्टमध्ये ढीग होत नाही असे बिघडलेले प्रकार शोधले आणि १९९३ मध्ये पंधरा जीन्सची यादी दिली. नोबेल त्यासाठी. उपासाचा सल्ला त्यात कुठेच नाही.

हा प्लांट बंद करायचा प्रकार लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. कॅन्सरवर रात्री लिहिते, पेपर तपासायचे राहिलेत.

दत्तवाडीकर
लॅबवाली ताई, माहिती चांगली आहे पण सूर थोडा खटकला. मी तीस वर्षं एकादशी करतो, वय ५८, गोळी एक नाही. उपासाने शरीराला विश्रांती मिळते हे आता परदेशातले लोक पण म्हणतात आणि तुम्ही यीस्टवर आणून ठेवलं. उंदरांना उपाशी ठेवलं तर ट्यूमर कमी होतात असे पेपर आहेत की नाही ते सांगा.

लॅबवाली_म्हापसा
आहेत काका. लपवणार नाही, त्यावर येते. तुमच्या एकादशीला मी काही बोललेच नाही, निरोगी माणसाने करावी, आमच्या घरी पण असते. पण एक विचारू का, उपासाला काय खाता?

दत्तवाडीकर
सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळं दुधातून. का?

पात्रांव७२
एकादशी दुप्पट खाशी =)) =))

खाजनकार
मी चोडणचा, कॅन्सरमधलं काही कळत नाही पण सेल सिग्नलिंग सेल सिग्नलिंग म्हणतात ते काय ते पण सांगा. माझ्या भाच्याच्या रिपोर्टात "एचईआर टू पॉझिटिव्ह" लिहिलेलं, डॉक्टर म्हणाले सिग्नल जास्त आहे. कसला सिग्नल, मोबाइलचा? (तो भाचा नाही, भाची. टायपो.)

लॅबवाली_म्हापसा
खाजनकार दादा, तुम्ही चोडणचे म्हणजे तुम्हाला सगळ्यात सोपं जाईल. मानस, म्हणजे शेताच्या बांधातलं पाण्याचं दार, तुम्ही रोज बघता. भरतीला नदीचं पाणी दार आतल्या अंगाला लोटून बंद करतं, ओहोटीला शेतातलं पाणी दार उघडून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, पाण्याचा दाबच दाराला सांगतो काय करायचं. पेशीतलं सिग्नलिंग असंच, बाहेर काय परिस्थिती आहे ते दाबासारखं आत पोचतं आणि त्याप्रमाणे दारं उघडतात मिटतात.

इन्सुलिन किंवा वाढीचे बाकीचे हार्मोनसारखे पदार्थ येऊन पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतात. रिसेप्टर आतल्या पीआय३के नावाच्या एन्झाइमला जागं करतो, तो एकेटीला, आणि एकेटी जाऊन एमटॉरला. एमटॉर हा घरचा मुकादम. जेवण आलंय, बाहेरून "वाढा" असा निरोप आलाय, अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या विटा) पण भरपूर, असं सगळं जुळलं की तो म्हणतो बांधकाम चालू करा. आणि त्याच हाताने तो यूएलके१ नावाच्या प्रोटीनवर फॉस्फेटचा शिक्का मारतो, की ऑटोफॅजी बंद. नवीन माडी चढवताना कोणी वासे फोडत बसत नाही.
उलट बाजूला एएमपीके. हा स्कूटरच्या पेट्रोलच्या काट्यासारखा. पेशीतली एनर्जी उतरली की हा जागा होतो, एमटॉरला गप्प करतो आणि त्याच यूएलके१ वर वेगळ्या जागी वेगळा शिक्का मारतो, की सुरू करा. एकच प्रोटीन, दोन मुकादम, दोन शिक्के. २०११ मध्ये हे स्पष्ट झालं तेव्हा आमच्या लॅबमध्ये तो पेपर भिंतीला चिकटवला होता.

(दत्तवाडीकर काका, म्हणून विचारलं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, इन्सुलिन वर. दाणे आणि दूध म्हणजे अमिनो ॲसिड. मुकादम दिवसभर जागाच.)

आता कॅन्सर. कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा यातलं एखादं दार अडकतं. एचईआर२ हा वाढीचा रिसेप्टर, छातीच्या कॅन्सरमध्ये साधारण १५ ते २० टक्के बायकांच्या गाठीत तो गरजेपेक्षा खूप जास्त असतो, म्हणजे बाहेर निरोप नसताना पण आत "वाढा वाढा" चालू. तुमच्या भाचीचं ते. त्यावर ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून आहे आणि त्यानं खूप जणींचं नशीब बदललंय, तेव्हा नाव ऐकून घाबरू नका. दुसरं रॅस, हा निरोप आत पुढे नेणारं प्रोटीन. रॅस एरवी चालू होतो आणि स्वतःच बंद होतो, म्युटेशन झालं की बंदच होत नाही. मानशीचं दार ओंडका अडकून उघडं राहिलं तर काय होतं?

खाजनकार
खारं पाणी आत. शेत गेलं. तीन वर्षं भात नाही. आता डोक्यात शिरलं.

लॅबवाली_म्हापसा
हो तेच. आणि इथूनच गंमत सुरू होते, म्हणजे गंमत कसली.

१९९९ मध्ये बेथ लेव्हिन या अमेरिकन बाईंनी दाखवलं की बेक्लिन१ नावाचं ऑटोफॅजीचं जीन छातीच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये कमी पडलेलं असतं आणि ते परत दिलं की त्या पेशींची गाठ करायची ताकद घटते. २००३ मध्ये उंदरांच्या बेक्लिनच्या दोन प्रतींतली एक काढली तर त्यांना म्हातारपणी आपोआप लिव्हरचे, फुप्फुसाचे कॅन्सर व्हायला लागले. कारण उघड आहे, साफसफाई नाही, बिघडलेलं मायटोकाँड्रिया साठतं, त्यातून डीएनएला इजा करणारे रेणू सुटतात. म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधी ऑटोफॅजी राखणदार. फॉरवर्ड इथपर्यंत येऊन थांबतो.

पण गाठ एकदा झाली की तिच्या आतल्या पेशींचं बघा. त्या भराभर वाढल्या पण रक्तवाहिन्या तेवढ्या नाहीत, मध्यभागी ऑक्सिजन नाही, साखर नाही. साध्या पेशी तिथे मरतील. या मरत नाहीत कारण पुरुमेंत काढून बसतात. २०११ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की रॅसचं दार अडकलेले कॅन्सर, विशेषतः पॅन्क्रियाचा (स्वादुपिंडाचा), पोट भरलेलं असताना पण ऑटोफॅजी चालूच ठेवतात, ती बंद केली की त्यांचा दम जातो. पॅन्क्रियाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त गाठींत केरॅस (रॅसचाच एक प्रकार) बिघडलेला असतो. आणि उंदरांच्या फुप्फुसात असल्याच गाठींमधून ऑटोफॅजीचं जीन काढलं तर जहाल कॅन्सरऐवजी आत बिघडलेल्या मायटोकाँड्रियाचा नुसता भरणा असलेल्या मवाळ गाठी झाल्या.

म्हणजे तोच राखणदार. चोर घरात शिरला, घरमालक झाला, आणि राखणदार आता त्याचं घर राखतो. त्याला काय माहीत मालक कोण.

म्हणून खांडेपारकाठ दादा, "ऑटोफॅजी वाढली की कॅन्सर मरतो" हे वाक्य तुमच्या आईच्या बाबतीत सरळ उलटं पण पडू शकतं. केमो पेशीला मार देते, त्या मारातून उठायला कॅन्सरची पेशी हेच हत्यार वापरते.

बारावी_सायन्स_गोंय
मॅम एक डाऊट. रीलमध्ये बघितलं की क्लोरोक्विनने ऑटोफॅजी बंद होते. मग मलेरियाची गोळी दिली की कॅन्सर जाणार? ती तर आमच्या आजीच्या फडताळात पण आहे.

पात्रांव७२
ऐंशीच्या दशकात पणजीत मलेरियाची साथ होती तेव्हा आम्ही ती कडू गोळी गुळातून घेतलीय. तेव्हापासून माझी ऑटोफॅजी बंद असणार.

लॅबवाली_म्हापसा
@बारावी, प्रश्न एकदम बरोबर, आणि आजीला ते फडताळ साफ करायला सांग.

क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही अल्कलीच्या स्वभावाची औषधं, जाऊन नेमकी त्या आंबट पिशवीत साठतात, तिथला आंबटपणा आणि बाकीचं काम बिघडवतात. म्हणजे ओसुमींनी यीस्टमध्ये केलं तेच, प्लांट बंद, गाड्या चालू. डिशमध्ये कॅन्सरच्या पेशींना दिलं की पेशी फुगतात, आत पिशव्यांची गर्दी, मी स्वतः बघितलंय, मायक्रोस्कोपखाली फणसाच्या सालीसारख्या खडबडीत दिसायला लागतात.

इथे एक लॅबची फजिती सांगते. ऑटोफॅजी मोजायला एलसी३ नावाचं प्रोटीन बघतात, ते कचऱ्याच्या पिशवीला चिकटलेलं असतं. मी नवीन होते, एक औषध टाकलं, एलसी३ भरपूर वाढलं, मी खूश, सरांकडे धावत गेले की औषधाने ऑटोफॅजी वाढली. सर म्हणाले रस्त्यावर पिशव्यांचा ढीग दिसला म्हणजे लोकांनी जास्त कचरा काढला की दोन दिवस गाडी आली नाही? फोटोवरून सांग. नाही सांगता येत. मग बॅफिलोमायसिन टाकून प्लांट मुद्दाम बंद करायचा, त्यावर ढीग अजून वाढतो का बघायचं, वाढला तर गाडी धावत होती, नाही वाढला तर आधीच बंद होती. माझ्या बाबतीत आधीच बंद होती. चार महिन्यांचं काम उलटं निघालं. तेव्हापासून कोणी "अमुक खाल्लं की ऑटोफॅजी वाढते" म्हणाला की मी आधी विचारते, ढीग मोजला की गाडी? आणि ते सोळा तासांचं गणित बहुतेक उंदरांवरून आलंय, उंदीर चोवीस तास उपाशी म्हणजे त्याच्या वजनाचा मोठा भाग जातो, माणसाचं तसं नसतं.

आता गोळी कॅन्सरवर चालते का. ट्रायल्स झाल्या. पॅन्क्रियाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोबरोबर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देऊन ११२ पेशंटांवर बघितलं, २०१९ ला निकाल आला, गाठ आकसण्याचं प्रमाण जास्त दिसलं पण एक वर्षानंतर जिवंत असण्याच्या आकड्यात फायदा नाही. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली, रॅसच्या खालची साखळी औषधाने अडवली की पॅन्क्रियाच्या पेशी जास्तच ऑटोफॅजीवर टेकतात, मग दोन्ही बाजूंनी अडवायचं. त्याच्या ट्रायल्स झाल्या. एक गोळी, एक रोग, असं हे प्रकरण नाही. आणि ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, हृदयाची लय बिघडू शकते, लांब काळ घेतली तर डोळ्याचा पडदा. २०२० मध्ये लोकांनी कोविडच्या भीतीने साठे केले आणि संधिवाताच्या पेशंटांना मिळेना, तो तमाशा आठवतोय ना.

छातीच्या कॅन्सरबद्दल एक आशेची गोष्ट. ऑपरेशननंतर काही पेशी बोनमॅरोमध्ये जाऊन वर्षानुवर्षं झोपून राहतात, त्या झोपेत जगायला पण ऑटोफॅजी लागते. अमेरिकेत पेनसिल्वेनियामध्ये ५१ बायकांवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि एव्हरोलिमस एकेकटं किंवा मिळून देऊन बघितलं, २०२५ मध्ये छापून आलं, बऱ्याच जणींच्या त्या झोपलेल्या पेशी तपासणीत दिसेनाशा झाल्या. ट्रायल छोटी आहे, पुढच्या मोठ्या चालू आहेत.

अवांतर: एव्हरोलिमस हे रॅपामायसिनचं भावंड, एमटॉर अडवणारं. रॅपामायसिन ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूतून आलं, १९६४ ला माती गोळा केलेली. ते शोधणारे सुरेन सहगल, बनारसला शिकलेले, कॅनडात कंपनीने लॅब बंद केली तेव्हा म्हणतात त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले, वर "खाऊ नका" अशी चिठ्ठी. ज्या मुकादमाबद्दल वर एवढं लिहिलं त्याचं नाव, टॉर, या औषधावरूनच पडलंय, टार्गेट ऑफ रॅपामायसिन. फ्रीजर रिकामा केला असता तर आज हा धागा नसता.

दत्तवाडीकर
वाचलं सगळं, दोनदा. साबुदाण्याचं लागलं पण खरं आहे :) पण माझा प्रश्न राहिलाच. उपास आणि केमो एकत्र केले तर फायदा होतो असे पेपर आहेत त्याचं काय?

ताटवाटी
मी उत्तर देऊ का. मी कॅन्सरच्या पेशंटांची आहारतज्ज्ञ आहे, कुठे ते लिहीत नाही. काका, उंदरांत खरंच दिसलंय, उपाशी ठेवलं की इन्सुलिन आणि आयजीएफ१ (वाढीचा एक हार्मोन) पडतात, चांगल्या पेशी वाढ थांबवून दबा धरून बसतात, कॅन्सरची पेशी अडकलेल्या दारामुळे थांबू शकत नाही आणि केमोत जास्त सापडते. कल्पना सुंदर आहे. माणसांत नेदरलँड्समध्ये १३१ बायकांवर करून बघितलं, छातीचाच कॅन्सर, एचईआर२ निगेटिव्ह, ऑपरेशनच्या आधीची केमो, केमोच्या तीन दिवस आधीपासून अगदी कमी कॅलरीचा ठरवून दिलेला आहार. २०२० चा निकाल. केमोचे दुष्परिणाम कमी झाले नाहीत, स्कॅनवर गाठीचा प्रतिसाद थोडा बरा दिसला, पण बऱ्याच जणींनी तो आहार मध्येच सोडला. आणि त्या सगळ्या ट्रायलच्या देखरेखीत होत्या, वजन आधीच उतरलेल्या बायकांना अशा ट्रायलमध्ये घेत नाहीत.

खांडेपारकाठ, तुमची आई त्यांच्यात बसत नाही. ५२ चे ४७ म्हणजे जवळजवळ दहा टक्के. मी रोज बघते, वजन असं उतरलं की केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा तारीख पुढे जाते, आणि ते कॅन्सरच्या फायद्याचं. उपाशी राहिल्यावर स्नायूतलं प्रोटीन पण जातं. ऑटोफॅजी खरंच होतेय, फक्त मांडीत आणि दंडात होतेय. आईला जिना चढताना कठड्याला धरावं लागतं का बघा.

पेज थांबवू नका पण नुसत्या पेजेवर पण ठेवू नका. पेजेत मूग घाला, किंवा वरून अंड्याचा पांढरा फेटून गरम पेजेत शिजवा, कळत पण नाही. बांगडा आवडत असेल तर कालवण पातळ आणि तिखट कमी, तोंड आलं असेल तर तिखट झोंबतं. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणतात बऱ्याच जणी, त्यांना स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा द्या, फरक पडतो. सोलकढी चालेल, पण घरी ताजी, बाहेरची नको. कच्चं सॅलड, गाड्यावरचा रस हे सध्या बंद, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. एका वेळी जात नाही तर दर दोन तासांनी थोडं थोडं.

पात्रांव७२
अंड्याचा पांढरा पेजेत, हे आमच्या आवयला सांगितलं असतं तर डवला (पळी) घेऊन मागे लागली असती.

ताटवाटी
शाकाहारी असतील तर ताक, पनीर, मुगाचं कढण. डवल्याची गरज नाही.

खाजनकार
लॅबवाली बाय, भाचीला तुमचं मानशीचं वाचून दाखवलं. ती म्हणाली मामा मग औषध म्हणजे तो ओंडका काढणारा माणूस का. मी म्हटलं असंच काहीतरी. बरोबर ना?

लॅबवाली_म्हापसा
अगदी. फक्त कधी कधी पाणी शेजारच्या फटीतून वाट काढतं, बांधाला दुसरीकडे भोक पडतं, म्हणून डॉक्टर एका औषधावर थांबत नाहीत आणि तपासण्या चालू ठेवतात. तुम्ही बांधावर फेरी मारता तसंच.

खांडेपारकाठ
देव बरें करूं सगळ्यांचं. दोन दिवस आलो नाही कारण बांबोळीला हॉस्पिटलात गेलो होतो. वजनाचं सांगितलं, डॉक्टरांनी तिथल्या तिथे आहारवाल्या मॅडमकडे पाठवलं, ताटवाटींनी लिहिलंय साधारण तेच त्यांनी सांगितलं. जिन्याला आई कठडा धरते, हो, ते मी आत्तापर्यंत बघितलंच नव्हतं.
काल रात्री आईला वासे आणि चुलीचं सांगितलं. ती जुन्या घरातच वाढलेली, लगेच म्हणाली "म्हणजे वाळवीचे वासे संपले की चांगले वासे जळणार". मी म्हटलं होय, आणि राखणदार चोराचा झालाय ते पण सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली मामाला तू काही बोलू नको, मी बोलते. फोनवर मामाला काय बोलली माहीत नाही, पण फॉरवर्ड ग्रूपवरून डिलीट झालाय.
एक राहिलं. येत्या एकादशीचं तिच्या मनातून जात नाही, चाळीस वर्षं मोडली नाही म्हणते. दत्तवाडीकर काका, तुम्ही काही सांगाल का, माझं ती ऐकणार नाही.

दत्तवाडीकर
आईंना माझा नमस्कार सांगा. आजारी, म्हातारं, लेकरू आणि पोटुशी बाई यांना उपास नाही, हे आमच्या आजोबांपासून ऐकत आलोय, यात मोडणं वगैरे काही होत नाही. त्यांच्या वाटणीची एकादशी त्या दिवशी मी धरतो, साखळीला विठ्ठलासमोर त्यांचं नाव घेऊन. आणि यावेळी साबुदाणा खाणार नाही, नुसतं पाणी आणि दूध. दुधात पण तुमचा तो मुकादम जागा होतो म्हणालात, बघू.

खांडेपारकाठ
काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. डोळ्यांना पदर लावला आणि मग विचारते, ह्यांना सांग दूध घेतलं तर चालतं, पण रताळं सोडू नका म्हणावं, वय झालंय.
आज रात्री मूग घातलेली पेज वाटीभर गेली, माझ्यासमोर बसून, लाकडी चमच्याने. कुत्रा मागच्या दारात बसून माझ्याकडे बघतोय.